दिव्याच्या बांगड्या

माझ्या सासूबाईंची नजर मी केलेल्या दिव्याखाली गेली. एवढं एक वाक्य सरळ लिहायला मला साठ वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावरही हात थांबलाच. घरातली माणसं म्हणतील, काहीतरीच काय, त्यांना काचबिंदू होता. होताच. पण नुसतं 'होताच' म्हणून मला मोकळं होता येत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, थोडं इकडेतिकडे जाईल, सांभाळून घ्या.

माझं माहेर धारचं. आमच्या घरी वीज नव्हती, कंदील होते. माझे वडील संध्याकाळी कंदील लावला की त्याच्या काचेला एका बाजूनं जुनं पोस्टकार्ड दोऱ्यानं बांधून ठेवायचे. लहान भावंडं ज्या बाजूला निजलेली असत, त्या बाजूला कार्ड. म्हणजे अर्धी खोली उजेडात, अर्धी सावलीत, आणि मधे त्या कार्डातून गाळून आलेला तपकिरी उजेड. कार्डावरची अक्षरं भिंतीवर उमटायची नाहीत, पण आम्हांला वाटायचं की उमटतायत, आणि आम्ही ती वाचायचा खेळ खेळायचो. घर म्हटलं की मला अजून तो उजेड आठवतो. नुसता प्रकाश असून भागत नाही, तो माणसाजवळ येऊन बसला पाहिजे, हे मी तिथे शिकले. शिकले म्हणजे काय, डोळ्यांना सवय झाली.

लग्न होऊन इंदूरला आले ती मल्हारगंजात. खाली तारेच्या चाळण्या आणि पिंजरे करणाऱ्याचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दिवसभर खालून पक्कड आणि हातोडीचा आवाज. घरात आम्ही तिघंच, हे, सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची, तेव्हा तसंच म्हणत. त्यांच्या सासरची माणसं दोन पिढ्या संस्थानच्या पागेत कारकून होती. आत्याबाई फार लवकर विधवा झालेल्या, हे चार वर्षांचे असताना. बोलायला कमी. रागीट नव्हत्या, पण कौतुक म्हणून तोंडातून निघायचं नाही. मी पुरणपोळी केली तर म्हणायच्या, "खाल्ली." बस, एवढंच. पहिल्या वर्षी मी त्या 'खाल्ली'चा अर्थ लावत बसायची.

घरात वीज होती. बाहेरच्या खोलीच्या बरोबर मधोमध छतापासून एक वायर लोंबायची आणि तिच्या टोकाला उघडा बल्ब. तिकडे त्याला लट्टू म्हणत. साठचा लट्टू. तो लागला की भिंतीचे पोपडे, कोपऱ्यातली जळमटं, आमच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं चव्हाट्यावर यायचं. उजेड होता पण तो वरून कपाळावर पडायचा, आणि जेवताना आपल्याच डोक्याची सावली ताटात. मी नवी नवरी, मला वाटायचं या घरात सगळे आजारी आहेत की काय.

तरी हे घरात होते तोवर चालून जायचं. मग नवं मध्यप्रदेश झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि यांचं दफ्तर कपाटं-फायलींसकट तिकडे हललं. इंदूरवाल्यांना राजधानी गेल्याचा राग आला होता, चौकाचौकात तीच बोलणी. मला राजधानीचं काय करायचंय? माझा नवरा गेला होता. शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी संध्याकाळी पिशवीत दशम्या घेऊन परत. मधले दिवस आम्ही दोघी आणि तो लट्टू. दिवेलागण झाली की घर खायला उठायचं. आत्याबाई एका भिंतीला टेकून कापसाच्या वाती वळत बसायच्या. त्यांनी लाख वातींचा नेम धरलेला होता, मुलाच्या आयुष्यासाठी. मी दुसऱ्या भिंतीला. मधे उजेडाचा नुसता पोकळ चौक.

तेव्हा माझ्या मनानं घेतलं की हे घर उबदार करायचं. माणूस नाही तर नाही, उजेड तरी जवळ आणायचा.

पहिलं काम, एका रविवारी यांना स्टुलावर चढवलं आणि वायर छताच्या मधून खिळ्याखिळ्यानं ओढून आत्याबाई बसायच्या त्या कोपऱ्यात आणली, आणि खाली सोडली. खाली म्हणजे बसल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर. हे म्हणाले, "आता घरात चालायचं कसं? कपाळाला लट्टू लागेल." मी म्हटलं, "कोपऱ्यात कोण चालतंय?" दुसरं, साठचा काढून पंचवीसचा लावला. तिसरं काम खालच्या दुकानात.

"भिया, एक पिंजरा हवा. गोल, एवढा. पण त्याला तळ नको."

पिंजरेवाल्यानं हातातली पक्कड थांबवली. "बिना तळाचा? भाभीजी, मिठू तो उड जाएगा!"

"मिठू नाही ठेवायचा. दिवा ठेवायचाय."

"दिवा!" तो हसायला लागला. "हव," म्हणाला, हव म्हणजे हो. "मग ठीक आहे. दिवा थोडीच उडणार. दार लावू का नको?"

"दारही नको."

"अरे, मग पिंजरा कशाला म्हणता भाभीजी, टोपी म्हणा ना."

त्यानं टोपी करून दिली, आणि ती हळदी रंगाच्या महेश्वरीनं मी मढवली. ती महेश्वरी माझ्या आईची होती, नेसून नेसून पदर विरलेला. मी कात्री लावली तेव्हा आत्याबाई बघत होत्या.

"चांगलं लुगडं कापतेस?"

"पदर विरलाय, आत्याबाई."

"विरलेल्या पदराची गोधडी करतात. टोपी नाही."

पण अडवलं नाही. मी कापड तारेवर ताणून टाके घातले, खाली काठ आला, काठाला बारीक झालर. लट्टूवर ती टोपी बसवली आणि बटण दाबलं. काय सांगू. खोलीभर मध सांडल्यासारखं झालं. दिवाळीला भिंती रंगवल्या तेव्हा मी चुन्यात पिवडी कालवली, थोडीच, भिंत पिवळी दिसू नये पण उजेडाला तिची ओढ लागावी इतकी. दिव्यामागे पितळेची परात भिंतीला टेकवून ठेवली, घासून लखलखीत, म्हणजे मागे गेलेला उजेड परत यायचा. शनिवारी हे आले, चपला काढता काढता दारातच उभे राहिले. म्हणाले, "भोपाळच्या खोलीत लट्टूखाली बसलो की चोरीच्या चौकशीला बसवल्यासारखं वाटतं. इथे आलो की चोरी माफ झाल्यासारखं." यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

आत्याबाई मात्र गप्पच. दिवेलागणीला मी बटण दाबलं की त्या वाती बाजूला ठेवून दिव्याला हात जोडायच्या. विजेच्या दिव्यालाही आपण हात जोडतो ना, तसं. जोडायच्या आणि परत वाती. मी रोज वाट बघायची की काहीतरी म्हणतील. 'खाल्ली'सारखं 'पाहिला' तरी.

दिवाळीनंतर दोन-अडीच महिन्यांनी, संक्रांतीच्या सुमाराला असेल, एका संध्याकाळी त्यांनी हात जोडले आणि जोडलेलेच ठेवले.

"सूनबाई, आज तुझ्या दिव्यानं बांगड्या घातल्यात."

"काय?"

"बांगड्या गं. त्याच्याभोवती. बाहेरून तांबडी, आत हिरवी, आणि अगदी आत निळी-जांभळी. गोल." आणि मग खाली मान घालून, वात वळता वळता, "माझ्या हातांत राहिल्या नाहीत, दिव्याच्या तरी आहेत."

त्या वेळी मला काय झालं हे तुम्हांला कसं सांगू. पाच वर्षांत पहिलं कौतुक. मी त्या जागी जाऊन बसले, डोळे बारीक केले, मोठे केले, मला काही दिसलं नाही. पण मी म्हटलं, त्या बसतात तिथूनच दिसत असेल, कापडाच्या विणीतून उजेड फुटत असेल, त्यांची उंची वेगळी, माझी वेगळी. इतकंच नाही तर दुसऱ्या दिवशी बाजारातून रंगीत काचमणी आणले आणि झालरीला एकेक करून ओवले, त्यांना बांगड्या आणखी ठळक दिसाव्यात म्हणून. संध्याकाळी विचारलं, "दिसतात का?"

"दिसतात. कालच्यापेक्षा मोठ्या."

मी खूष. आज हे लिहिताना त्या खुषीची मला शिसारी येते.

मग ती आमची रोजची गोष्ट झाली. मी बटण दाबायची, त्या हात जोडायच्या, मी विचारायची, "घातल्या का आज?" कधी म्हणायच्या, "आज नाही, आज रुसलाय." कधी म्हणायच्या, "आज भरगच्च." ज्या दिवशी भरगच्च, त्या दिवशी त्यांचं डोकं दुखायचं. भुवईच्या वर, डोळ्याच्या मागे. मळमळायचं, एकदोनदा उलटी झाली. मी सुंठ उगाळून कपाळाला लेप द्यायची, आणि पित्त म्हणून दुसऱ्या दिवशी आमसुलाचं सार. पित्ताला आमच्याकडे फार मान. डोकं दुखलं पित्त, चक्कर आली पित्त, चिडचिड झाली तरी पित्त. आणि डोकं दुखलं की मी काय करायची? उजेडाचा त्रास नको म्हणून दिव्यावर आणखी एक रुमाल टाकायची. खोली आणखी मऊ, आणखी अंधारी. त्यांच्याजवळ बसून पाय चेपायची. घर किती उबदार वाटायचं मला तेव्हा!

बाकीची लक्षणंही होती. ती मी आज मोजते. तेव्हा एकेक वेगळी यायची आणि हसण्यावारी जायची. उंबऱ्याला ठेचकाळल्या की म्हणायच्या, "तुझ्या या पिवळ्या उजेडात मेलं काही दिसत नाही." मी हसायची, त्याही हसायच्या. बाजूला ठेवलेला तांब्या हातानं लवंडायचा, "ठेवतेस कुठे तू!" दाराआडून मी आले की दचकायच्या. बुधवारी यांचं पत्र यायचं, ते आधी त्या स्वतः वाचून मग मला द्यायच्या. एक दिवस पाकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "तू वाच. तुझ्या तोंडून बरं वाटतं." मला वाटलं, जवळ आल्या. मी मोठ्यानं वाचायची, मधली माझ्यापुरती असलेली ओळ गाळायची, आणि त्या म्हणायच्या, "गाळलंस ना काहीतरी? गाळ, गाळ." आमचं छान चाललं होतं. खरंच छान. दिव्याखाली दोन बायका, पत्र, वाती. नजर जात होती, आणि दोघी मिळून दोष त्या दिव्याला देत होतो, तोही लाडानं. दिवा कमी आहे म्हटल्यावर डोळे कमी झालेत असं कुणाला वाटलंच नाही.

अशी दोन वर्षं गेली.

मग आषाढातली दिव्याची अवस आली. त्या दिवशी घरातले सगळे दिवे काढून घासायचे, पाटावर मांडायचे, संध्याकाळी लावून पूजा करायची. समया, निरांजनं, कंदील, चिमणी, सगळे. दिवे घासायचं काम आत्याबाईंचं, त्यात कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. चिंच आणि राख घेऊन सकाळपासून बसत, आणि समईच्या नक्षीतल्या रेघारेघांतून काडीनं मळ काढत. त्यांच्या हातची समई म्हणजे नव्या नवरीसारखी निघायची.

त्या वर्षी समई माझ्या हातात आली तर नक्षीत चिंचेचा चोथा तसाच, आणि बुडाशी हिरवं. मी परत घासायला घेतली. त्यांच्यासमोरच. एवढं तरी मला कळायला हवं होतं, की त्यांच्यासमोर नको.

त्या थोडा वेळ आवाज ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "राहिलं का?"

"थोडंसं."

"माझ्या हाताला आता चव राहिली नाही."

संध्याकाळी पाट मांडला. अकरा दिवे होते, लहानमोठे धरून. मी रांगोळी काढली, तेल घातलं, त्यांनी वळलेल्या वाती लावल्या. पूजेला विजेचा दिवा बंद ठेवायचा आमचा रिवाज, म्हणून लट्टू शांत केला. सगळे दिवे पेटले. आत्याबाई पाटासमोर बसल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग एकदम लहान मुलीसारखं म्हणाल्या, "अगबाई! यांनाही आहेत."

"काय आहेत?"

"बांगड्या. एकेकाला. मला वाटायचं तुझ्याच दिव्याला असतात."

मी समईकडे पाहिलं. उघडी ज्योत. तिच्यावर ना कापड, ना काचमणी, ना तारेची टोपी. साधी ज्योत, आणि तिच्याभोवती काही नाही.

"आत्याबाई, पाटावर दिवे किती आहेत?"

"हे काय विचारणं? सात."

"परत बघा."

त्यांनी बोटानं दाखवत मोजले. मधले सात. कडेचे चार, दोन इकडचे दोन तिकडचे, त्यांच्या बोटाखाली आलेच नाहीत. मान वळवली तेव्हा एका बाजूचे दोन सापडले. "हे तू आत्ता ठेवलेस," म्हणाल्या. मी म्हटलं नाही की ते पहिल्यापासून होते. हात जोडले, नैवेद्य दाखवला, कणकेचे गोड दिवे त्यांना वाढले. त्यांनी तूप घालून खाल्ले.

शनिवारी हे आले आणि सोमवारी रजा काढून आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयस्कर, मराठी, शांत. डोळ्यांत उजेड मारून बघितलं, पापणीवरून बोटांनी डोळा दाबून बघितला, मग एक डोळा झाकून समोर बोटं धरली, बाजूला धरली. मग विचारलं, "आजी, संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?"

आत्याबाईंचा चेहरा खुलला. "दिसतात तर!"

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. आमच्या सूनबाईनं दिवा केला तेव्हापासून." आणि डॉक्टरांना त्यांनी सगळा दिवा सांगितला. आईचं लुगडं कापलं ते, पिवडी, परात, काचमणी, डोकं दुखलं की वरून टाकायचा रुमाल. तारेच्या टोपीची गंमतसुद्धा. सात वर्षांत माझ्याबद्दल एवढं बोलल्या नव्हत्या. "असा दिवा मल्हारगंजात नाही हो कुणाकडे," म्हणाल्या.

डॉक्टर ऐकत होते. मग लिहिणं थांबवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. बाहेर आम्हा दोघांना बोलावून म्हणाले, डोळ्यातलं पाणी निघून जायची वाट यांच्या डोळ्यांत मुळातच अरुंद. कमी उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि ती वाट आणखी बंद पडते. मग आत दाब वाढतो, डोकं दुखतं, उलटी होते, दिव्याला कडी दिसतात. दर वेळी थोडी नजर जाते, आणि गेलेली येत नाही.

हे म्हणाले, "म्हणजे दिव्यामुळे...?"

डॉक्टर म्हणाले, "आजार दिव्यामुळे नाही. तो होणारच होता. पण उजेडात बसल्या असत्या तर इतक्या लवकर, इतका..." आणि त्यांनी ते वाक्य सोडून दिलं. साठ वर्षं ते वाक्य मी पुरं करते आहे.

उजवा डोळा गेलेलाच होता. डाव्यात नळीतून बघावं एवढं राहिलं होतं. थेंब दिले, शस्त्रक्रिया केली, आणि बजावलं की अंधारात बसायचं नाही, घरात भरपूर उजेड ठेवा.

घरी आल्या आल्या मी ती टोपी उतरवली आणि ट्रंकेत अगदी तळाशी टाकली. वायर परत ओढून छताच्या मधोमध नेली, शंभरचा लट्टू लावला. भिंतींना पांढरा चुना फासला. परात स्वयंपाकघरात गेली. घर परत चौकशीच्या खोलीसारखं झालं, आणि मला ते हवं होतं, माझी चौकशी चाललेली असावी असं.

आत्याबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "तो दिवा कुठे?"

"काढला."

"का?"

यांनी त्यांना डॉक्टरांचं बोलणं सांगितलेलं नव्हतं, नजर वयानं गेली एवढंच सांगितलं होतं. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले मोठा उजेड हवा."

"डॉक्टरला काय कळतं? त्याच्या घरी बांगड्यांचा दिवा आहे का?"

मी हसले नाही म्हणून त्यांनी मान वळवून माझा चेहरा शोधला. त्या नळीतून माझा चेहरा त्यांना सापडायला वेळ लागायचा. आधी कान, मग गाल, मग डोळे. सापडल्यावर कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "बरं. राहू दे."

त्यांना कळलं होतं का? मला वाटतं, त्या क्षणी कळलं. पण पुन्हा कधी विचारलं नाही. चार वर्षं त्या शंभराच्या लट्टूखाली बसल्या. थेंब मी दिवसातून तीनदा घालायची, घड्याळ लावून. त्या वाती वळायच्या, त्यासाठी डोळे लागत नाहीत, बोटांना माहीत असतं. संध्याकाळी दिवा लागला की त्या वर छताकडे हात जोडायच्या. मी 'घातल्या का आज' विचारणं सोडलं होतं. विचारलं असतं आणि त्या 'हो' म्हणाल्या असत्या तर? आणि 'नाही' म्हणाल्या असत्या तरी काय.

मधे माझा मोठा मुलगा झाला. आत्याबाईंनी त्याला त्या नळीतून तुकड्यातुकड्यानं बघितला. नाक बघून म्हणाल्या, "आमच्याकडचं." मग पाय बघून, "हे धारचे."

मुलगा दोन वर्षांचा झाला त्या सुमाराला उरलेला डोळाही मिटला. डोळा उघडाच होता, पण आतलं संपलं. एक संध्याकाळ आली, बटण दाबलं, त्यांनी हात जोडले नाहीत. मी म्हटलं, "आत्याबाई, दिवा लागला."

"लागला का?" म्हणाल्या. "कळलं नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन पीठ मळत राहिले. नको इतकं मळलं.

पुढे पाच-सहा दिवसांनी, अशाच दिवेलागणीला, त्यांनी मला जवळ बोलावलं. "सूनबाई, आता तर काही बिघडायचं राहिलं नाही ना? मग तो लाव. तो तुझा."

"तुम्हांला काय उपयोग, आत्याबाई?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"त्या लट्टूचा तरी काय होतोय? नुसतं डोकं तापतं. तो लाव. मी त्याच्यापाशी बसते."

ट्रंकेतून टोपी काढली. हळदी रंग थोडा उतरला होता, काचमणी दोनतीन गळले होते. खालच्या पिंजरेवाल्याला वर बोलावलं, त्यानं वायर कोपऱ्यात आणून दिली. "भाभीजी, मिठू परत आला?" म्हणाला, आणि आत्याबाईंकडे बघून हत्यारं गोळा करायला लागला. पंचवीसचा लट्टू लावला, त्यावर टोपी. दिवेलागणीला बटण दाबलं. चार वर्षांनी खोलीत परत तो उजेड आला, पण भिंती पांढऱ्या होत्या म्हणून पहिल्यासारखा नाही, जरा फिका.

आत्याबाईंनी हात पुढे केला. मी त्यांचं मनगट धरून टोपीपाशी नेलं. त्यांनी कापडाला बोटं लावली, काठ चाचपला, मणी चाचपले, मग तळहात उघडा ठेवला, थंडीत शेकतो तसा.

"गरम आहे," म्हणाल्या.

"हो."

"तुला दिसतात का गं?"

मी म्हटलं, "काय?"

"बांगड्या."

मला काय दिसायचं? पिवळं कापड, त्यामागे तार, त्यामागे लट्टू. पण मी म्हटलं, "दिसतात."

"कुठले रंग?"

"बाहेरून तांबडी. आत हिरवी. अगदी आत निळी-जांभळी."

"बरोबर," त्या म्हणाल्या. आणि हात जोडले.

त्यानंतर त्या सात वर्षं होत्या. रोज संध्याकाळी विचारायच्या, आणि मी रोज सांगायची. कधी म्हणायची, आज रुसलाय. कधी म्हणायची, आज भरगच्च. भरगच्च म्हटलं की त्या माझ्या कपाळाला हात लावून बघायच्या, दुखतंय का म्हणून. म्हणजे सगळं माहीत होतं त्यांना. एवढंच. कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. लाख वाती पुऱ्या झाल्या की नाही, ते मला माहीत नाही. गेल्या तेव्हा डबाभर वळलेल्या होत्या.

आता आम्ही अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला राहतो. मुलानं घर सजवलं तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यांत दिवे लपवले, छताच्या कडेला, कपाटाच्या खाली, मोबाईलवरून पिवळे-पांढरे होणारे. म्हणाला, "आई, तुला कुठला हवा? वॉर्म की कूल?" मी म्हटलं, "तुम्हांला आवडेल तो." सुनेला वॉर्म आवडतो. तिनं माझ्या खोलीतही लावलाय, पलंगाशी, खाली, अगदी मला हवा असता तसा. फार सुरेख दिसतो. मी तिला तसं सांगितलंही, पहिल्याच दिवशी, न विसरता.

दिवेलागणीला ती दिवा लावते आणि मी हात जोडते. मग आधी उजवा डोळा तळहातानं झाकते आणि दिव्याकडे बघते. मग डावा झाकते. सुनेला वाटतं, हा काहीतरी माझा नेम असेल, धारकडचा. तिनं एकदा विचारलं, "आई, असं का करता?"

मी म्हटलं, "काही नाही गं. बघते." आणि तिला जवळ बसवलं, तिचाही एक डोळा माझ्या हातानं झाकला, आणि विचारलं, "दिव्याभोवती काही दिसतं का?"

"नाही," ती हसून म्हणाली. "नुसता दिवा."

मग दुसरा डोळा झाकला.